घरच्या खुंट्या

कॉफीवाला गुरुवारी जागा बघायला येणार होता, म्हणून रविवारी सगळे दुकान आवरायला जमले. आवरायला, हे दादाचं म्हणणं. टाचणीच्या मते ही सरळसरळ घरफोडी होती, फक्त चोर घरचेच होते आणि त्यांना चहाही तिलाच करून द्यावा लागत होता.

आई कधीच गेली होती, आता अप्पांना जाऊनही महिना होत आला होता. भरलं वय, अंथरुणाला खिळणं नाही, रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. भेटायला येणारा प्रत्येक जण 'सोनं झालं' म्हणून गेला आणि टाचणीलाही ते पटलं होतं. पण सकाळी दुकान उघडलं की तिचा हात सवयीने वडिलांचा कप भरायचाच. तो मग आत्या पिऊन टाकायची, काही न बोलता. तिचा स्वतःचा कप वेगळा असायचाच, त्यामुळे महिनाभर आत्याची दुपारची झोप उडाली होती.

दुकान तसं लहान. पुढे काचेची खोली, मागे कारखाना, वर राहायची जागा. आजोबांनी ते उभं केलं आणि जाताना अर्धं अप्पांना, अर्धं अप्पांच्या बहिणीला, म्हणजे आत्याला देऊन गेले. पायाचं माप घेऊन हाताने बूट करून देणारं गावात आता हे एवढंच उरलं होतं. अप्पा वरचं कातडं कापायचे, टाचणी ते लाकडी साच्यावर ताणून बसवायची आणि तळाची शिलाई आत्याची. टाचणी कॉलेज सोडून अप्पांच्या शेजारच्या बाकावर बसली ती आजतागायत उठली नव्हती. लहानपणी काडीसारखी अंगकाठी आणि बोलणं टोचरं म्हणून तिला हे नाव पडलं होतं. आता अंगाने ती भरली होती, बाकीचं तसंच होतं.

"या भिंतीत ओल आहे," दादा टेप लावत म्हणाला. तो विमा कंपनीत होता. कुठल्याही खोलीत शिरलं की त्याला आधी आग दिसायची, मग ओल.

"ती ओल तुझ्यापेक्षा मोठी आहे," टाचणी म्हणाली. "तिला ताई म्हण."

धाकटा फिसकन हसला. तो हॉटेलात आचारी होता आणि सुट्टीच्या दिवशीही त्याच्या अंगाला तळलेल्या कांद्याचा वास यायचा. त्याचं मत नेहमी शेवटी ज्याने जेवायला घातलं त्याच्या बाजूने पडायचं. गेल्या रविवारी दादाने घातलं होतं, त्यामुळे सध्या तो विकण्याच्या बाजूने होता.

"मी तुझ्याचसाठी सांगतोय गं," दादा म्हणाला. तो खरंच तिच्यासाठी सांगत होता, त्यामुळे त्याच्याशी भांडणं जास्तच अवघड जायचं. "पाठ धरते तुझी. डोळ्यांना चष्मा लागला. अप्पा होते तोवर ठीक होतं. एकटी काय करणार तू?"

"मी मेले का?" बाकावरून आत्या म्हणाली.

ती कोपऱ्यात बसून कोणाच्या तरी बुटाचा तळ शिवत होती. सगळे आवरत होते, ती शिवत होती. आरीने भोक पाडायचं, मेण लावलेला दोरा दोन्हीकडून ओढायचा, पुन्हा भोक. हातातलं काम न थांबवता ती पुढे म्हणाली, "बरं झालं सगळे आहात. माझं अर्धं मी टाचणीला देणार आहे. वकिलाला बोलावलंय. आता ज्याला ओल मोजायची त्याने मोजा."

टेप सर्रकन आपल्या डबीत परत गेली. मग वहिनी म्हणाली, "छान. मी हेच म्हणत होते."

"तू कधी म्हणत होतीस?" दादाने विचारलं.

"मनात," वहिनी म्हणाली. ती इस्पितळात टेलिफोनवर बसायची. दिवसभर लोकांना 'थांबा, जोडून देते' म्हणायची आणि घरीही तिचं तेच काम होतं. "अहो, तोंड कशाला पाडताय? कॉफी प्यायला दुसरी दुकानं आहेत की."

टाचणीने उगाच एक कात्री उचलली आणि परत ठेवली. आत्याचं अर्धं आणि अप्पांच्या अर्ध्यातला आपला हिस्सा धरला, तर आता कोणी विकू म्हणालं तरी विकता येणार नव्हतं. उद्या सकाळी हे दुकान उघडायचं होतं, परवाही उघडायचं होतं. इतका आनंद तिला कित्येक दिवसांत झाला नव्हता, आणि अप्पा गेल्यावर असा आनंद होतो म्हणून लाजही वाटली. तिने आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. आत्या म्हणाली, "उजेड अडवू नकोस."

आत्या नंतर जिना चढून वर गेली आणि खाली उरलेल्यांनी खुंट्यांना हात घातला.

या घरात माणसाची नोंद भिंतीवर व्हायची. शेगडीसमोरच्या भिंतीला खुंट्यांची रांग होती आणि प्रत्येक खुंटीला घरातल्या एकेकाचे साचे. साचा म्हणजे त्या माणसाच्या पायाची लाकडी प्रत. पोराचा पाय वाढला की अप्पा नवा साचा करायचे, पण जुना टाकायचे नाहीत. तो त्याच दोरीत मागे ओवायचे. गिऱ्हाइकांच्या पोरांचे लहान झालेले साचे थंडीत शेगडीत जायचे. घरच्या पोरांचे कधीच नाही. त्यामुळे पुढे मोठा पाय, त्याच्या मागे जरा लहान, असं करत करत अगदी भिंतीला टेकलेला मुठीएवढा पहिला पाय, अशी प्रत्येकाची माळ लोंबत असायची. खुंटीवर नाव नसायचं. बूट करणाऱ्यांच्या घरात पाय ओळखायला नाव कशाला?

"हा मी," धाकटा आपली माळ गळ्यात घालून म्हणाला.

"हे माझे," वहिनीने तिची जोडी काढली. तिच्या मागे माळ नव्हती, एकच जोड. लग्नानंतर अप्पांनी तिच्यासाठी नवी खुंटी ठोकली होती, तेव्हा ती रडली होती आणि दादाला वाटलं होतं तिला घर आवडलं नाही.

शेजारची आत्याची खुंटी रिकामीच होती. आत्याने आपले साचे कधीचेच वर नेले होते. कपाटाचा पाय हलतो, त्याला टेकू द्यायला, असं म्हणाली होती.

रांगेच्या टोकाला, कातड्याच्या गुंडाळ्यांमागे, नमुना होता. नमुना म्हणजे काचेतल्या बुटांचा साचा. दरवर्षी अप्पा काचेत ठेवायला एक खास जोड करायचे. तो जोड ते एकट्यानेच करायचे, फक्त तळ आत्याकडे यायचा. आठवडाभर तो काचेत मिरवायचा, रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. मग एके दिवशी तो नसायचा. 'विकला,' अप्पा सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी बसने शेजारच्या गावी दोरा आणायला जायचे.

धाकट्याने गुंडाळ्या बाजूला केल्या आणि नमुन्याची जोडी ओढली. ती आली, पण तिच्या मागून आणखी एक आली. मग आणखी एक. लाकूड लाकडावर आपटत खडखड करत पूर्ण माळ त्याच्या हातात उतरली आणि सर्वांत शेवटी एवढासा पाय निघाला, धाकट्याच्या अंगठ्याहून थोडा मोठा.

सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

"नमुना लहान असतो का कधी?" धाकटा म्हणाला.

टाचणीने माळ हातात घेतली. एकेक पाय बोटांनी चाचपला. बाईचा पाय. लहानपणापासून मोठी होत गेलेली एकच बाई. किती वेळा ती या जोडावरची धूळ झटकून पुढे गेली होती. त्या घरात पायांशिवाय दुसरं काही बोललं जात नव्हतं, आणि काचेतला जोड दरवर्षी थोडा मोठा का होत गेला हे कोणी कधी विचारलं नव्हतं. लहान होता तेव्हा अप्पा म्हणायचे, 'काचेत लहान बूट गोड दिसतात.' मोठा झाल्यावर म्हणाले, 'आता फॅशन बदलली.' दोन्ही वेळा त्यांचे कान लाल झाले असणार. अप्पांना खोटं बोलता यायचं नाही. पण कानांकडे कोण बघतं?

"घरच्या भिंतीवर आहे," दादा हळूच म्हणाला. "लहान साचे ठेवलेत. म्हणजे घरचं पोर आहे." मग त्याने आपली माळ उचलून शेजारी धरली, सगळ्यात मागची लाकडं एकमेकांशी ताडून पाहिली. त्या लाकडाचा रंग त्याच्या लाकडाहून काळपट झाला होता. "माझ्या आधीची आहे."

"दादा..."

"अप्पांना मुलगी होती. आईच्या आधी." तो खुर्चीवर बसला. "म्हणजे मी थोरला नाही?"

"तुला तेवढंच लागलं?" धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा मात्र उजळला होता. "अजून एक बहीण! कुठे असते? काय करते? बोलवू या ना जेवायला!"

"जेवायला!" दादा उसळला. "तिचा हिस्सा निघतो, कळतंय का? अप्पांच्या अर्ध्यात चार वाटे झाले. उद्या ती दारात उभी राहिली तर?"

"तर तिला आत घ्यायचं," वहिनी म्हणाली. "आणि सगळे जरा हळू बोला. वर आत्या आहेत. भावाचं असलं काही त्यांच्या कानावर या वयात घालायचं नाही."

एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

टाचणीला दादासारखा हिस्सा आठवला नाही की धाकट्यासारखी बहीण. तिला अप्पांचा राग आला. आयुष्यभर त्यांच्या हाताला हात लावून ती बसली होती. त्यांच्या श्वासावरून कातडं चांगलं लागलं की वाईट ते तिला कळायचं. आणि त्यांनी तिच्यापासून एक अख्खं माणूस लपवलं, तेही तिच्या डोळ्यांसमोर, खुंटीवर. आता भांडायचं तर भांडायला माणूस नाही. महिनाभर ती धड रडली नव्हती. आता रडू आलं ते रागाचं आलं, आणि वहिनीने तिला पदराआड घ्यावं तसं अंगाआड घेऊन स्वयंपाकघरात नेलं.

जेवणं झाल्यावर ती गरम पाण्याची बादली घेऊन वर गेली. आत्याचे पाय संध्याकाळी सुजायचे, म्हणून दुपारीच ती ते पाण्यात घालून बसायची. खिडकीतून ऊन आलं होतं. टाचणीने टबात पाणी ओतलं, हाताने पाहिलं, आणखी थोडं ओतलं.

"आत्या, लग्नाआधी अप्पांचं कुठे काही होतं का गं?"

"त्याचं?" आत्या खदखदून हसली. "अगं, तुझ्या आईला विचारायला त्याने वर्ष घालवलं. शेवटी तिनेच विचारलं. त्याला वाटलं ती बुटांचं विचारतेय."

टाचणीलाही हसू आलं. तिने आत्याचा डावा पाय पाण्यात सोडला, मग उजवा. अप्पांचा पाय फळीसारखा सपाट होता आणि तो त्यांनी तिन्ही पोरांना दिला होता. आत्याचा पाय आजीवर गेलेला. उंच कमानीचा, आणि करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली, जणू तिला पलीकडचं बघायचं होतं.

पाणी स्थिर झालं. टाचणी त्या करंगळीकडे बघत राहिली.

खाली नमुन्याच्या साच्यावर, नेमक्या त्याच जागी, कातड्याचा एक छोटा उंचवटा चिकटवलेला होता. तिने तो सकाळी बोटाने चाचपला होता आणि गाठ असेल, असते एखाद्याला, म्हणून सोडून दिला होता. तो प्रत्येक साच्यावर होता. अगदी त्या एवढ्याशा पहिल्या पायावरही. तान्ह्या पोराला कुठली आली गाठ?

"काय गं?" आत्याने विचारलं.

"टॉवेल आणते," टाचणी म्हणाली आणि खाली गेली.

कारखान्यात कोणी नव्हतं. स्वयंपाकघरातून धाकट्याचा आवाज येत होता, तो वहिनीला कांदा कसा चिरायचा ते शिकवत होता आणि वहिनी त्याला गप्प कसं बसायचं ते. माळ बाकावर पडली होती. सरस गरम करायची शेगडी अजून धगधगत होती.

टाचणीने माळ उचलली. तिला सगळं एकदम दिसलं. आत्याला मूल होतं. म्हणजे आत्याच्या अर्ध्यावर आज सकाळी जो हक्क आपल्याला मिळाला, तो खरं तर दुसऱ्या कोणाचा होता. ती कोण, कुठली, तिला दुकान हवं की पैसे, काहीच माहीत नाही. आणि आत्या सोडून हे माहीत असलेलं माणूस या घडीला एकच होतं. दादाला अप्पांची मुलगी शोधू दे. तो शोधेल, सापडणार नाही, थकेल. लाकूड जुनं, वाळलेलं होतं. लगेच पेटलं असतं. लहान झालेले साचे शेगडीत घालणं हे तर या दुकानात रोजचंच काम.

तिने शेगडीचं झाकण उघडलं. धग तोंडावर आली. तिला हे दुकान हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं, आणि त्या क्षणी तिने ते स्वतःशी आडपडदा न ठेवता कबूल केलं. मग तिची बोटं त्या सगळ्यात लहान पायावर गेली. अप्पांनी तो किती गुळगुळीत घासला होता! कोणाला दिसणार नव्हता, तरी.

तिने झाकण लावलं, माळ उचलली, टॉवेल घेतला आणि वर गेली.

तिने माळ आत्याच्या मांडीवर ठेवली. आत्याने खाली पाहिलं. मग म्हणाली, "धूळ तरी झटकायची."

"आत्या, ही तुझी आहे."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"शिवलं कोणी?" आत्या म्हणाली. "पहिला जोड त्याने माझ्यासमोर ठेवला तेव्हा म्हणाला, काचेत ठेवायला केलाय. कान असे लाल झाले होते त्याचे! मी आत बोट घातलं, साचा चाचपला. करंगळी लागली. मला माझा पाय कळणार नाही?" तिने तो छोटा पाय तळहातावर घेतला. "त्याला वाटलं मला कळलं नाही. मी कळू दिलं नाही. कळलं असतं तर तो घाबरला असता. आमच्या आईला शब्द दिला होता ना त्याने, मला काही सांगणार नाही म्हणून. घाबरून थांबला असता, तर मी काय शिवलं असतं?"

"इतकी वर्षं?"

"वर्षाला एक जोड. कमी नाही."

मग तिने सांगितलं. पुलाच्या कामावर आलेला एक जण होता. चांगला होता, हसरा होता. पूल झाला, तो गेला. "मला कळलं तोवर पुलावरून गाड्या सुरू झाल्या होत्या," आत्या म्हणाली. तिला लांब एका नातेवाइकाकडे ठेवलं. मुलगी झाली. अप्पांनीच ती उचलून शेजारच्या गावात एका शिक्षक नवराबायकोला नेऊन दिली. ते चांगले होते, पोर नव्हतं त्यांना. घरी कोणी पुन्हा विषय काढला नाही.

"मी माझे साचे वर आणून ठेवले. तुम्ही पोरं मोठी होत होतात, एखादा शेजारी शेजारी धरून बघेल म्हणून भीती वाटली. कपाट बिचारं कधीच हललं नाही."

"आणि तिला कधी पाहिलंस?"

"एकदा. तो दोरा आणायला निघाला, मी मागच्या बसने गेले. औषधांच्या दुकानात काम करते ती. मी समोर उभी राहिले. पायच बघितले. वर बघायचा धीर झाला नाही." आत्याने डोळे पुसले, टॉवेलनेच. "पण बूट छान दिसत होते."

टाचणी टबाशेजारी जमिनीवर बसली. तिला आता अप्पांचा राग येत नव्हता. त्यांचे लाल कान डोळ्यांसमोर येत होते आणि फार फार आठवण येत होती.

"आत्या, सकाळी तू मला अर्धं दिलंस ते परत घे."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. "तुला नकोय?"

"हवंय. एवढं दुसरं काही नकोय मला. आत्ता खाली शेगडी उघडली होती मी, खोटं कशाला सांगू? पण असं नको. तिला विचारल्याशिवाय नको."

"आणि ती म्हणाली, विका?"

"तर मग विकू. मी रडेन. पण विकू."

आत्याने ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. पाणी केसांतून मानेवर ओघळलं. "अप्पावर गेलीस," ती म्हणाली. "पाय जाऊ दे, बाकी सगळी."

चहाच्या वेळी आत्याने स्वतः खाली येऊन सगळ्यांना सांगितलं, थोडक्यात, जशी ती कोणाला बुटाची किंमत सांगायची तसं. दादा ऐकत होता. शेवटी उठला, आत्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला, आणि काय करावं ते न सुचून त्याने तिच्या खांद्यावरची शाल नीट केली. जी नीटच होती.

"म्हणजे थोरला मीच," तो म्हणाला.

"गाढवा," आत्या म्हणाली, आणि मग सगळेच हसले, आणि हसता हसता धाकटा रडायला लागला.

फोन वहिनीने केला. तिच्याइतकं ते कोणाला जमलं नसतं. औषधांच्या दुकानात जोडून घेतलं आणि सांगितलं, अप्पा गेले, यंदाचे बूट व्हायचे आहेत, पण नवं माप लागेल, रविवारी दुकानात येता येईल का? पलीकडची बाई म्हणाली, येते. वहिनीने फोन ठेवला आणि पदर नसताना पदर शोधला.

गुरुवारी कॉफीवाला आला नाही. टाचणीने दादाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी त्याला सांगितलं ओल आहे. नंतर कटकट नको." आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

रविवारी ती आली. दादापेक्षा थोडी मोठी, केस आखूड, हातात फुलांचा गुच्छ, जो कोणाला द्यावा ते तिला कळेना. शेवटी तिने तो बाकावर, अप्पांच्या जागी ठेवला. त्यांनी मागच्या वर्षी दिलेले बूट तिच्या पायात होते.

"ते गेल्याचं मला कळलंच नाही," ती म्हणाली. "दरवर्षी यायचे. चहा घ्यायचे, माप घ्यायचे, काही बोलायचे नाहीत. बाबांचे जुने मित्र, एवढंच मला माहीत." तिने आजूबाजूला पाहिलं. सगळं घर भिंतीला चिकटून उभं होतं, काहीतरी निमित्त हातात धरून. धाकट्याच्या हातात तर झारा होता. "दुकान आता बंद करणार असाल ना? मला बाहेरचे बूट होत नाहीत हो. एकदा घालून बघितले, संध्याकाळी पायाचं वाटोळं. हे नसेल तर मी अनवाणी."

टाचणीने दादाकडे पाहिलं. दादाने भिंतीतल्या ओलीकडे पाहिलं.

"बस," आत्या म्हणाली. "बूट काढ."

ती बसली, बूट काढले. आत्या खाली लाकडी पाटावर बसली. इतकी वर्षं तिने ज्याच्या साच्यावर शिवलं होतं तो पाय तिने पहिल्यांदा हातात घेतला. टेप पायाभोवती घातली, पण ती वाचली नाही. तशीच धरून राहिली. टाचणीला वाटलं, आता आपण सगळ्यांनी बाहेर जावं. कोणी हललं नाही.

"ती करंगळी जरा सांभाळून," बाई हसत म्हणाली. "फार आगाऊ आहे. आमच्या घरात कोणालाच अशी नाही. आई म्हणायची, कुठून घेऊन आलीस कोण जाणे."

आत्याने टेप बाजूला ठेवली. मग आपल्या डाव्या पायातली कापडी सपाता काढली आणि आपला पाय तिच्या पायाशेजारी ठेवला.

बाई हसत होती ती हसायची थांबली. तिने दोन्ही पायांकडे पाहिलं. मग आत्याच्या तोंडाकडे, मग पुन्हा पायांकडे. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"मला दत्तक घेतलंय हे मला माहीत आहे," ती अगदी हळू म्हणाली. "लहानपणीच सांगितलं होतं." आणि मग, "बूट कोण शिवायचं?"

"मी," आत्या म्हणाली.

"सगळे?"

"सगळे."

बाईने आत्याचे हात आपल्या हातात घेतले आणि मांडीवर धरून ठेवले. मग दुसरा पायही पुढे केला. "याचं माप राहिलंय," ती म्हणाली.

आत्याला टेप उचलवेना. टाचणी पुढे झाली, खाली बसली आणि माप घेऊ लागली. तिने पहिला आकडा मोठ्याने म्हटला, सवयीने, अप्पा लिहून घ्यायचे म्हणून, आणि मध्येच थांबली. मागे पेन्सिल खरडल्याचा आवाज आला. दादा बाकाशी उभा राहून लिहून घेत होता. कारखान्यातली पेन्सिल त्याने शाळेत असताना शेवटची हातात धरली होती.

"कधी मिळतील?" बाईने विचारलं. डोळे तिचे अजून आत्यावरच होते.

टाचणीने तोंड उघडलं, पण दादा आधी बोलला. "असं आहे," तो घसा साफ करत म्हणाला, "पहिल्यांदा दुकानात माप दिलं की माणसाला चार-सहा वेळा यावं लागतं. घालून बघायला. जेवायच्या वेळेला आलं तर उत्तम. आमच्या दुकानात तशी पद्धत आहे."

अशी कुठलीही पद्धत त्या दुकानात कधी नव्हती. बाईने खात्री करून घ्यायला टाचणीकडे पाहिलं.

"आहे," टाचणी म्हणाली. "आजोबांपासून."